तबेल्यातली माणसं ॲप वापरू लागावीत म्हणून

मुंबईच्या आरे कॉलनीतल्या तबेल्यात म्हशींच्या नोंदींचं मोबाइल ॲप बसवायचं असेल तर पहिल्या दिवशी सगळे रकाने उघडू नका. सुरुवात एकाच नोंदीने करा: म्हशीगणिक सकाळ-संध्याकाळचं दूध, लिटरमध्ये. चारा, औषधं, खर्च नंतर.

आधी म्हशींची यादी भरा. कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडे असतात. पहाटे धार काढताना ते कोण वाचणार? माणसं म्हशीला ज्या नावाने किंवा दावणीच्या क्रमांकाने ओळखतात, तेच ॲपमध्ये दिसू द्या. बिल्ल्याचा नंबर मागे जोडून ठेवा. भाषा हिंदी ठेवा. बहुतेक कामगार उत्तरेकडचे असतात.

खरी अडचण हातांची. ओल्या, तेलकट बोटांनी स्क्रीन चालत नाही, मग आकडे अंदाजाने नंतर भरले जातात. सगळ्या म्हशींचं दूध ओळीने ‘८’ दिसलं की समजा, तेच झालंय. उपाय साधा: दावणीजवळ फळा टांगा, खडूने आकडा लिहा आणि धार संपल्यावर एकानेच तो मोबाइलमध्ये चढवा. नेटवर्क नसतानाही नोंद घेणारंच ॲप निवडा.

आधीची नोंदवही महिनाभर ॲपसोबत चालू द्या. आठवड्याला दोन्हींची बेरीज ताडून पाहा.

दूध कमी दिसलं म्हणून पगार कापणार नाही, हे मालकाने सगळ्यांसमोर सांगावं. नाहीतर आकडे फुगणारच.

मग रेतनाची, म्हणजे म्हैस भरवल्याची, तारीख जोडा. म्हैस गाभण राहिली नसेल तर पुन्हा माजावर येते; २१ दिवसांनी त्यावर लक्ष ठेवायची आठवण मोबाइलवर आली, की कामगार स्वतःहून तारखा विचारू लागतात.