हंगामात ट्रॉली मिळेना: इंदूरचा माझा अनुभव

सोयाबीन काढणीला आलेलं, आणि नव्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला सगळीकडे एकच उत्तर: "दिवाळीनंतर या." जुन्यांचे भाव नव्यांना टेकलेले. देवास नाका, सांवेर रोड पालथा घातला. ऑनलाइन जाहिरातवाले फोन करेपर्यंत विकून मोकळे. नुसता ताप.

शेवटी पत्रा सडलेला पण सांगाडा शाबूत अशी ट्रॉली शोधली. अशा मालाला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव बसतो.

आधी आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) मागितली, सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर गंज पुसून तिच्याशी ताडून पाहिला. मग चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजले. फरक निघाला तर सांगाडा वाकलेला, तिथूनच परत फिरा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं: खडखडलं तर बेअरिंग गेलं, पण ते बदलता येतं. हूक अडकतो ते भोक झिजून लांबट झालेलं नको. आरसीवर बँकेचा बोजा होता, म्हणून आधी बँकेची एनओसी (ना-हरकत) व बोजा उतरवायचा फॉर्म 35, नंतर मालकी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, आणि उरलेले पैसे त्यानंतरच.

तळाचा पत्रा वेल्डरकडून नवा बसवला. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावाच. रात्री हायवेवर बिनदिव्याची ट्रॉली दिसतच नाही.