परराष्ट्र धोरण बदलले की नुसता सूर बदलला, हे कसे ओळखावे

एखाद्या देशाने आपल्या मोठ्या व्यापारी भागीदाराविषयीचे धोरण बदलले, अशी बातमी आली की आपण बहुधा नेत्याच्या भाषणातील एखादे वाक्य धरून निष्कर्षाला पोचतो. ही सवय मोडण्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि चीन यांच्या संबंधांवर हात बसवून घ्यावा. मुक्त व्यापार करार, उघड भांडण आणि पुन्हा बोलाचाली या तिन्ही अवस्था तेथे अवघ्या दहा वर्षांत पाहायला मिळतात.

प्रथम वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. डावीकडे काय बोलले गेले ते तारखेसह लिहावे आणि उजवीकडे कायदा, शुल्क, करार, बंदी असे जे प्रत्यक्ष घडले तेवढेच लिहावे. नोंदींची सुरुवात भांडणाच्या बऱ्याच आधीपासून करावी, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली आणि तेथून सारे बिघडले, असे सर्रास सांगितले जाते. पण उजवा रकाना वेगळेच सांगतो. जून २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदे केले, ऑगस्टमध्ये हुवावे या चिनी दूरसंचार कंपनीला ५जी जाळ्यातून वगळले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर अँटी-डम्पिंग चौकशी (माल अवाजवी स्वस्तात ओतला जातो का, याची) सुरू केली. चौकशीची मागणी ही ठिणगी असेल. दारू आधीच साठलेली होती.

त्यानंतर मालाची यादी करावी आणि कोणत्या मालाला हात लावला नाही, हे आधी पाहावे. २०२० मध्ये बार्लीवर एकूण ८०.५ टक्के शुल्क बसले. वाइनवरील शुल्क पुढे २१८.४ टक्क्यांपर्यंत गेले, आणि कोळसा, शेवंड, इमारती लाकूड व काही कत्तलखान्यांचे गोमांस अडवले गेले. लोहखनिज मात्र अखंड चालू राहिले, कारण चीनच्या आयात लोहखनिजातील निम्म्याहून अधिक वाटा ऑस्ट्रेलियाचा होता आणि तेवढा माल दुसरीकडून तातडीने मिळणे शक्य नव्हते. बार्ली आणि वाइनला इतर विक्रेते होते. कोणाची नड किती, हे या यादीतून जितके स्वच्छ दिसते तितके कोणत्याही निवेदनातून दिसत नाही.

उपायाचे स्वरूपही नोंदवावे. बार्ली व वाइनवरील शुल्क लेखी आदेशाने लागले होते, म्हणून ऑस्ट्रेलियाला जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागता आली. कोळसा आणि शेवंड यांच्याबाबत मात्र जाहीर आदेशच नव्हता. माल बंदरात अडकून पडत होता. लेखी शुल्क उठवायला सौदा करावा लागतो, आणि तो सौदा तारखांतून दिसतो : एप्रिल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने बार्लीची तक्रार स्थगित केली, ऑगस्टमध्ये शुल्क गेले, वाइनचे शुल्क त्याच पद्धतीने मार्च २०२४ मध्ये गेले. शेवंडाला डिसेंबर २०२४ उजाडावा लागला.

मे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात सत्तांतर झाले आणि येथेच वाचक सर्वाधिक फसतो. नवे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांच्या सरकारने भाषा बदलली, परराष्ट्रमंत्री पेनी वाँग डिसेंबर २०२२ मध्ये बीजिंगला गेल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतः पंतप्रधान गेले. सात वर्षांतील तो पहिलाच पंतप्रधानस्तरीय दौरा होता. अशा वेळी उजवा रकाना पुन्हा उघडावा. आधीच्या सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिका व ब्रिटनबरोबर केलेला ऑकस हा संरक्षण करार कायम आहे, हुवावेवरील बंदी कायम आहे, २०१८ चे कायदेही कायम आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथील चिनी दूतावासाने ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या चौदा तक्रारींची यादी पत्रकारांच्या हाती ठेवली होती. ती समोर ठेवून हे मुद्दे ताडून पाहिले की माझ्या मते एकच अर्थ निघतो : कॅनबेऱ्याने आवाज खाली आणला, पण माघार बीजिंगने घेतली. सरकार स्वतः ‘संबंध पूर्ववत करणे’ असे न म्हणता ‘स्थिर करणे’ असे म्हणते, तेही उगाच नाही.

शेवटी, अडलेला माल कोठे वळला ते पाहावे, कारण धोरण टिकवण्याचे बळ तेथून येते. बार्ली सौदी अरेबियाकडे वळली, कोळसा भारत आणि जपानकडे. भारताबरोबरचा व्यापार करार २ एप्रिल २०२२ रोजी झाला आणि २९ डिसेंबरपासून लागू झाला. त्यात पाच ते पंधरा अमेरिकी डॉलर किमतीच्या वाइनच्या बाटलीवरील भारतीय शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आले. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी आणि वाइन उत्पादकांनी कॅनबेरा-बीजिंग वादाकडे लक्ष ठेवावे ते यासाठी.

एक नोंद अजून उघडी ठेवावी. ऑस्ट्रेलियाचे डार्विन बंदर २०१५ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीला दिले गेले, आणि २०२५ च्या निवडणूक प्रचारात दोन्ही प्रमुख पक्षांनी ते परत घेण्याचे आश्वासन दिले. हे आश्वासन डाव्या रकान्यात लिहावे. भाडेपट्टा प्रत्यक्ष हस्तांतरित झाल्याचा कागद दिसेपर्यंत उजवीकडची जागा कोरीच ठेवावी.