गणिताचं ॲप लावताय? शेजारी वही-पेन्सिल ठेवा

मुलांना गणिताचं ॲप लावून दिलं आणि आपण भाजी निवडायला बसलो, असं करू नका. निदान पहिले काही दिवस तरी शेजारी बसा. चार पर्यायांतला एक दाबायचा असला की मुलं हिशोब न करता ठोकून देतात. लाल फुली आली की दुसरा दाबायचा, चांदणी मिळाली की पुढे!

म्हणून नियम एकच: आधी वहीत मांडायचं, मग बोट लावायचं. माझ्या मुलीने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ दाबलं. ॲपने चूक म्हणून सांगितलं, पण का चुकलं ते वहीतच दिसलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन वजा केले होते. मग दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवली. "यातून सत्तावीस दे." एक नोट सुटी केल्याशिवाय जमेना, तेव्हा हातचा डोक्यात शिरला.

शाळेत त्या आठवड्यात जे चाललंय तेच ॲपवर घ्या. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य फुकट मिळतं. इंग्रजी ॲप असेल तर संख्या मराठीतही म्हणून घ्या. 'फिफ्टी थ्री' म्हणणारं मूल 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहू शकतं.

रोज पंधरा मिनिटं भरपूर झाली.