क्रोममध्ये सरळ, सफारीत वाकडं: पानाची मांडणी ताळ्यावर कशी आणावी

क्रोममध्ये ओळीत बसलेलं बटण सफारीत खाली घसरलं, की फक्त सफारीसाठी चार ओळी चिकटवायचा मोह होतो. तो आवरा. आधी पाया एक करा.

सुरुवात एचटीएमएल फाइलच्या पहिल्या ओळीपासून. तिथे डॉक्टाइप (पान आजच्या नियमांनी दाखव, असं सांगणारी ओळ) नसेल तर ब्राउझर ‘क्वर्क्स मोड’मध्ये जातो, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या खोडी सांभाळत पान दाखवतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड’ तपासा. उत्तर ‘बॅककॉम्पॅट’ आलं तर सीएसएसला, म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांना, हात लावण्याआधी हे निस्तरा.

मग ब्राउझरची स्वतःची स्टाइल. बॉडीभोवतीचं ८ पिक्सेलचं मार्जिन आपण लिहिलेलं नसतं. त्यासाठी ‘नॉर्मलाइझ.सीएसएस’ ही ब्राउझरांमधले फरक कमी करणारी तयार फाइल आपल्या फाइलच्या आधी जोडा आणि नको ती मार्जिनं शून्य करा. बटण आणि इनपुट पानाचा फॉन्ट आपणहून उचलत नाहीत; प्रत्येक ब्राउझर आपला लावतो, अक्षरं जरा रुंद होतात आणि बटण ओळीत मावत नाही. त्यांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ द्या. घसरलेल्या बटणाचं दुखणं बहुधा इथेच सापडतं.

सगळ्या घटकांना ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ही लावून टाका, म्हणजे पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि बॉर्डर दिलेल्या रुंदीतच धरली जातात. नाहीतर ३०० पिक्सेलचा डबा, दोन्हीकडे २० पॅडिंग आणि १ बॉर्डर धरून ३४२ चा होतो.

तरीही विंडोजवर पान आडवं सरकतंय? ‘१००व्हीडब्ल्यू’, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, शोधा. त्या रुंदीत उभ्या स्क्रोलबारची जागाही मोजली जाते. मॅकवर स्क्रोलबार सहसा मजकुरावर तरंगतो, म्हणून तिथे काही जाणवत नाही आणि आळ बिचाऱ्या ब्राउझरवर येतो. ‘१००%’ लिहा, प्रश्न मिटतो. बाहेर डोकावणारा घटक सापडत नसेल तर सगळ्यांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, ती जागा खाते.

मोबाइलवर ‘१००व्हीएच’ची, म्हणजे पडद्याची पूर्ण, उंची अ‍ॅड्रेस बारमुळे चुकते. ती ओळ राहू द्या, तिच्याखाली ‘१००डीव्हीएच’ लिहा; ही उंची अ‍ॅड्रेस बारप्रमाणे बदलते. २०२२ च्या आधीच्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही. तो ती सोडून देतो आणि पहिली पाळतो. मोठ्या फरकांसाठी ‘@सपोर्ट्स’ आहेच: ब्राउझरला एखादी गोष्ट कळते का, हे पाहून ते नियम लावतं.

तपासताना ब्राउझर नव्हे, इंजिनं (पान प्रत्यक्ष रेखाटणारा ब्राउझरचा आतला भाग) मोजा. क्रोम आणि एज दोन्ही ब्लिंकवर चालतात, फायरफॉक्स गेकोवर, सफारी वेबकिटवर. आयफोनवरचं क्रोमही आतून वेबकिटच असतं, त्यामुळे तिथे सफारी आणि क्रोम दोन्ही उघडून पाहिलंत तरी तपासणी एकच झाली.