रीफ टँकचं पाणी बिघडलंय? औषधाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

कोरल (प्रवाळ) मिटलं, रंग उतरला, टोकं पांढरी पडली की हात आपोआप कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो. खरा घोळ बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. रीफ टँकमधले, म्हणजे कोरल पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले, आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. चुकीच्या क्रमाने मोजलं तर नसलेला आजार दिसतो आणि त्यावर उपचार केला की खरा आजार जडतो.

आधी खारटपणा, मग बाकी सगळं

नैसर्गिक समुद्राच्या पाण्याचा खारटपणा साधारण 35 पीपीटी (हजारात 35 भाग) असतो, म्हणजे 25 अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) 1.026 च्या आसपास. या पाण्यात कॅल्शियम सुमारे 420 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मॅग्नेशियम 1300 च्या जवळपास आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटची) 7 डीकेएच सापडते; डीकेएच हे तिचं एकक. आता समजा तुमच्या टँकचा खारटपणा नकळत 31 वर आलाय. मग कॅल्शियम 370, मॅग्नेशियम 1150 आणि अल्कलिनिटी 6.2 दिसणारच. माणूस तिन्ही बाटल्या ओततो. प्रत्यक्षात कमी होतं ते फक्त मीठ.

हे नकळत घडतं कारण रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र) शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र 35 वरही बरोबर असेलच असं नाही. ते 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच जुळवून घ्यावं. काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर (घनतामापक) वापरत असाल तर काट्याला चिकटलेला एखादा बुडबुडाही वाचन वर ढकलतो, म्हणून आधी टिचकी मारून बुडबुडे उडवा.

दुसरी चूक टॉप-ऑफची, म्हणजे उडालेलं पाणी भरण्याची. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची घट शुद्ध आरओ-डीआय पाण्यानेच (फिल्टर आणि रेझिनमधून क्षार काढलेल्या) भरायची, खाऱ्या पाण्याने नाही. खारटपणा खाली गेला असेल तर मात्र काही दिवस टॉप-ऑफ खाऱ्या पाण्याने करून तो हळूहळू वर आणता येतो. दिवसाला 1 पीपीटीपेक्षा घाई नको.

नळाच्या पाण्याबद्दल एवढंच: क्लोरामाइन, तांबं, सिलिकेट, फॉस्फेट यांतलं काय येईल ते सांगता येत नाही, आणि तांबं तर कोरल-कोळंबीला थोडंही चालत नाही. आरओ-डीआय पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दिसत नसेल तर डीआय रेझिन बदला.

कॅल्शियम ठीक आहे, म्हणून पाणी ठीक आहे?

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. तो बांधताना 1 डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते तेव्हा कॅल्शियम जेमतेम 7 पीपीएम घटतं. दिवसाला 1 डीकेएच खाणारा टँक घ्या. तीन दिवसांत अल्कलिनिटी 8.5 वरून 5.5 वर कोसळते, कॅल्शियम मात्र 430 वरून 409 वर येतं. बऱ्याच घरगुती किटमध्ये 10-20 पीपीएमचा फरक तसाही पडतो. म्हणजे कॅल्शियम बघणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि कोरल उपाशी. आठवड्यातून एकच टेस्ट करणार असाल तर ती अल्कलिनिटीची करा.

डोस बाटलीवरच्या लेबलवरून ठरवू नका, तुमचा टँक किती खातो त्यावरून ठरवा. दोन दिवस डोस थांबवा, सुरुवातीला आणि दोन दिवसांनी त्याच वेळी अल्कलिनिटी मोजा, फरकाला दोनाने भागा. 100 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला साधारण 3 ग्रॅम शुद्ध बेकिंग सोडा लागतो. टँकमध्ये प्रत्यक्ष 240 लिटर पाणी असेल आणि रोजचा खप 0.6 असेल तर रोज सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्ष पाणी म्हणजे काचेच्या मापातून खडक-वाळू वजा आणि संप (टँकला जोडलेली खालची टाकी) अधिक. हा हिशेब न करता काचेच्या मापावरच डोस ठरवला तर तो जास्त किंवा कमी पडतो. आणि हो, बेकिंग सोडाच. बेकिंग पावडर नाही, तिच्यात आम्ल असतं, बऱ्याचदा फॉस्फेट आणि स्टार्चही.

अल्कलिनिटी 6 वर सापडली तर एका रात्रीत 9 वर नेऊ नका. दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त चढउतार नको. माझ्या मते 7.5 वर स्थिर असलेला टँक 7 आणि 10 मध्ये हिंदकळणाऱ्या टँकपेक्षा कितीतरी बरा. हिंदकळण्याचं एक लपलेलं कारण म्हणजे मिठाचं मिश्रण. काही मिश्रणांचं ताजं पाणी 11 डीकेएचच्या आसपास असतं. 7.5 च्या टँकमध्ये 20 टक्के बदललं तर अल्कलिनिटी 8.2 होते, ते चालून जातं. निम्मं पाणी एकदम बदललं तर ती सव्वानऊवर जाते आणि नाजूक कोरलची टोकं जळतात. नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ असेल तर हे जळणं जास्तच दिसतं, म्हणून अशा टँकमध्ये अल्कलिनिटी 7 ते 8.5 मध्येच ठेवावी.

पाणी दुधाळ झालं

डोस घातल्याबरोबर पांढरा धूर पसरला, काही तासांत निवळला आणि नंतर मोजलं तर अल्कलिनिटी वाढायच्या ऐवजी घटलेली. घातलेलं सगळं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसलं, एवढाच याचा अर्थ. हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर जुन्या गीझरच्या कॉइलसारखा पांढरा थर, वाळूत बोट घातलं तर दगड झालेले गठ्ठे, या त्याच्याच खुणा.

अशा वेळी आणखी डोस घालणं म्हणजे आगीत तेल. सगळं डोसिंग थांबवा, पाणी निवळू द्या, मग पहिल्यांदा मॅग्नेशियम मोजा. मॅग्नेशियम नव्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसून त्याची वाढ अडवतं. ते 1200 च्या खाली गेलं की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कितीही घाला, टिकत नाहीत. मॅग्नेशियम जागेवर असेल तर घालण्याची पद्धत तपासा. टू-पार्टचे (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीच्या वेगळ्या बाटल्यांचे) दोन्ही भाग एकाच जागी, लागोपाठ ओतले जातायत का? दोन्हींत अंतर ठेवा आणि जोरात वाहत्या पाण्यात थोडं थोडं सोडा. चुन्याची निवळी वापरत असाल तर तिचा पीएच 12 च्या वर असतो, ती थेंबाथेंबानेच जायला हवी. टॉप-ऑफमधून निवळी सोडताना फ्लोट स्विच (पातळी बघून पाणी थांबवणारा) अडकून ती सगळी एकदम टँकमध्ये गेल्याचे प्रकार या छंदात नवे नाहीत.

नवं पाणी कालवतानाही हेच होतं. मिठावर पाणी ओतू नका, फिरत्या पाण्यात मीठ हळूहळू सोडा.

पीएचच्या मागे धावणं

पहाटे 7.8, संध्याकाळी 8.2. हा टँकचा नेहमीचा श्वास आहे, दिव्यांमुळे दिवसा कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि रात्री तो साठतो. पहाटेचा आकडा बघून बफर (पीएच चढवायचं मिश्रण) घालणाऱ्यांची अल्कलिनिटी 12-13 वर जाते, पीएच मात्र दोन दिवसांत पुन्हा जागेवर. बहुतेक बफर म्हणजे दुसऱ्या नावाची अल्कलिनिटीच.

पीएच खरोखरच कमी वाटत असेल तर पेलाभर टँकचं पाणी खिडकीबाहेर नेऊन एअरपंपाने तासभर ढवळा. पीएच चढला तर दोष बंद खोलीतल्या हवेचा. स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर न्या किंवा खिडकी उघडा, इतकाच उपाय.

शून्याचा हव्यास

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य दिसलं की आनंद होतो, पण कोरलला दोन्ही थोडं हवंच. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 या पट्ट्यात बहुतेक टँक सुखात राहतात. दोन्ही शून्यावर गेले की कोरल फिकट पडतं आणि वाळूवर बुडबुडे धरलेले तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट्स (एकपेशीय जीव) येतात. मग साफसफाई वाढवून परिस्थिती आणखी बिघडते. उलट टोकाला, फॉस्फेट जास्त म्हणून लोहाचा फॉस्फेट-शोषक भरभरून टाकू नका. आकडा दोन दिवसांत पडतो, खडकांत मुरलेलं फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरतं आणि दरम्यान कोरलला धक्का बसतो. शोषक थोडा टाका, मोजत राहा.

नव्या टँकमध्ये नायट्रेट भलतंच जास्त दिसलं तर आधी नायट्राइट मोजा. बऱ्याच किटमध्ये नायट्राइटमुळे नायट्रेट फुगून दिसतं.

आकडा विचित्र आला तर

तोच टेस्ट पुन्हा करा. रिएजंटची (किटमधल्या रसायनाची) तारीख बघा, तळाशी साका असलेली बाटली नीट हलवा, रंग दिवसाच्या उजेडात ताडा. तरीही पटत नसेल तर दुसऱ्या किटवर पडताळा. तोवर डोस नाही.

टँक अचानक बिघडला तर तपासायचा क्रम असा ठेवावा: तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम, कॅल्शियम, मग नायट्रेट-फॉस्फेट. सगळं जागेवर असेल तर पाण्याचा पिच्छा सोडा. पंपाची धार थेट कोरलवर बसतेय का, दिवा नुकताच वाढवलाय का, ते बघा, आणि दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन कोरलच्या बुंध्याशी शोधा. चपटे कृमी आणि कोरल कुरतडणाऱ्या गोगलगायी बऱ्याचदा रात्री सापडतात.