उठावाची अक्षरं घासण्याआधी

इंजिनाचं कव्हर पावडरने रंगवून त्यावरची उठावाची अक्षरं घासून उघडी करायची असतील, तर सगळ्यात आधी क्लिअरचा डबा, म्हणजे शेवटी वरून मारायच्या पारदर्शक रंगाचा. पावडर कोटिंगवाल्याला (रंगाची पावडर मारून ती भट्टीत भाजून देणाऱ्याला) फोन करण्याआधी, कव्हर खोलण्याआधी, पान्याला हात लावण्याआधी. क्लिअर आणि त्यात मिसळून ते कडक करणारा हार्डनर दोन्ही घरात आलेत का आणि हार्डनर सीलबंद आहे का, एवढं बघायचं. उघडलेला हार्डनर आपल्याकडच्या समुद्रकाठच्या हवेतली ओल ओढून घेतो आणि डब्यातच आळतो, त्यामुळे कुणाकडचा उरलेला चालणार नाही.

गेल्या जुलैत मी नेमका हाच डबा विसरलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हर्णैला बोटी वर ओढलेल्या असतात आणि इंजिनाची सगळी कामं याच दोन महिन्यांत निघतात. मामेभावाच्या बोटीच्या इंजिनाचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, मी काळ्या पावडरमध्ये करून आणलं आणि एका दुपारी त्यावरची उठावाची अक्षरं घासून उघडी केली. काळ्यावर पांढरं, लख्ख. भाऊ म्हणाला, "दादा, नवं इंजिन घेतल्यासारखं वाटतंय." क्लिअर तेव्हा कुठे पुण्याहून मागवलं. घाटात दरड पडली, पार्सल अडकलं. सहा दिवस कव्हर पडवीत, जुन्या लुंगीत गुंडाळून. क्लिअर आलं तोवर अक्षरं जरा मंद दिसत होती. कापडाने पुसली आणि वरून मारून टाकलं. दिवाळीपर्यंत सगळं ठीक. मग अक्षरांच्या कडेपासून काळ्या रंगाखाली केसासारख्या बारीक, वाकड्यातिकड्या रेघा फुगून आल्या. एका रेघेवर नख लावलं तर पापुद्रा निघाला आणि खाली पांढरी भुकटी. पुन्हा ब्लास्टिंग (बारीक कणांच्या माऱ्याने जुना रंग काढणं), पुन्हा भट्टी, पुन्हा सगळे पैसे.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण सहज म्हणतो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आपोआप एक अगदी पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो, हे खरं. पण मिठातलं क्लोराइड तो थर ठिकठिकाणी फोडतं. त्यात अक्षर घासलं की भोवतीच्या पावडरची कड कापली जाते. त्या कापलेल्या कडेतून खारी ओल रंगाखाली शिरते आणि रेघ आतल्या आत पुढे सरकत राहते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की याला जोर येतो, आणि पावसात आपल्याकडे ती त्याखाली क्वचितच उतरते. म्हणून क्लिअर चमक येण्यासाठी नाही, ती कापलेली कड बंद करण्यासाठी. आणि ते त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी नाही, पार्सल आल्यावर नाही. कव्हर बिडाचं असेल तर रात्रभरसुद्धा थांबायची सोय नाही, सकाळी अक्षरं तांबडी झालेली असतील.

डबा घरात आला? मग कव्हर काढा. धुणं, तेल काढणं, जुनं पॅकिंग खरवडणं हे सांगायला नको. अक्षरं किती उठलेली आहेत ते मात्र व्हर्नियरच्या मागच्या काडीने मोजा. पाऊण ते एक मिलिमीटर हवं. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचाच असतो, तरी घासताना हात जरासा कलला की ठोकळ्याची कड खालच्या सपाट भागाला लागते आणि तिथला रंग जातो. अक्षरं अर्धाच मिलिमीटर उठलेली असतील तर नाद सोडा, कव्हर एकरंगी ठेवा.

भट्टीला जायच्या आधी अक्षरांचे माथे सपाट करून घ्यायचे. ओतीव कामात ते सहसा एका पातळीत नसतात. माथ्यांवर मार्करची शाई फिरवा, लाकडी ठोकळ्याला १८० नंबरचा सँडपेपर लावून चार हात मारा. शाई जिथे उरली तिथे खळगा आहे. सगळी शाई जाईपर्यंत घासा. हे आधी झालं की नंतर फक्त पावडर काढायची उरते, धातू काढायचा नाही. ब्लास्टिंग त्यानंतर.

ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये बारीक छिद्रं असतात आणि त्यांत हवा आणि तेल अडकलेलं असतं. कोटिंगवाल्याला सांगायचं, पावडर मारण्याआधी कव्हर नुसतंच एकदा भट्टीत तापवून घ्या, पावडर भाजायच्या तापमानापेक्षा थोडं वर. नाहीतर १८० ते २०० अंशांत पावडर वितळत असताना ती हवा बाहेर येते आणि रंगाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. प्रत्येक भोकातून पुन्हा तीच खारी ओल आत. "हो, करतो" म्हटलं जातं आणि गडबडीत राहून जातं, तेव्हा शक्य असेल तर समोर उभे राहा. बोल्टाची भोकं आणि पॅकिंगची बाजू मास्किंग करून, म्हणजे पावडर बसू नये म्हणून झाकून.

आणि त्याला हेही विचारा की क्लिअर पावडर आहे का. असेल तर अक्षरं त्याच्याच शेडमध्ये घासा आणि तिथल्या तिथे क्लिअर पावडरचा दुसरा थर भाजून घ्या. आधीची पावडर दुसऱ्यांदा भट्टीत गेली तरी बिघडत नाही. यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही, आणि पावसात काम निघालं तर मी दुसरा कुठला धरणारच नाही. पण "क्लिअरचं आज नाही, परवा बघू" असं उत्तर आलं तर अक्षराला पेपर लावू नका. कव्हर काळंच घरी आणा. काळ्या कव्हरला काही होत नाही, ते महिनाभर थांबेल.

घरी करायचं तर शक्यतो डिसेंबर-जानेवारीत आणि सकाळी. रात्रीपासून मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात, दुपारी खारे वारे उलटे येतात आणि मीठ घेऊन येतात. सातला घासायला बसलात तर दहाच्या आत क्लिअरचा पहिला हात बसला पाहिजे. डबा घरात आहे ना?

पेपरच्या मागे बोट नको, स्पंज नको, रबरही नको. मऊ वस्तू अक्षरांच्या मध्ये दबते आणि कडा गोल करते. सागाचा रंधलेला ठोकळा किंवा जाड काचेचा तुकडा घ्या. २४० पासून सुरुवात, मग ४००, मग ६००. हात शब्दाच्या लांबीत, एकाच दिशेने. आधी अक्षराच्या कडेने करडी रेघ उमटते, कारण टोकदार कडेवर पावडर मुळातच पातळ बसते. मधला भाग सगळ्यात शेवटी उघडतो. इथेच धीर सुटतो आणि जोर लागतो. जोर लावू नका, पेपर बदला. ६०० च्या पुढे जाऊ नका, आरशासारख्या धातूवर क्लिअर नीट धरत नाही. लोखंडावर वापरलेला पेपर आणि स्टील वूल लांब ठेवा. लोखंडाचे कण अक्षरात रुततात आणि तिथेच गंजतात.

पाणी लावून घासणार असाल तर मचूळ विहिरीचं पाणी अजिबात नको. बॅटरीत घालायचं पाणी आणा, लिटरभर पुरतं. गेल्या वेळी मी विहिरीचंच घेतलं होतं, म्हणजे उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर मीठ माझ्याच हाताने चोळलं.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, अ‍ॅसिटोन नको, पावडर मऊ पडते. यापुढे हातमोजे. बाकीचा काळा भागही ६०० ने हलका खरखरीत करायचा, क्लिअर सगळ्या कव्हरवर मारायचं. नुसत्या अक्षरांवर मारलं की क्लिअरचीच नवी कड तयार होते. पातळ तीन हात. कार्ट्रिजचा मास्क लावून आणि मोकळ्या जागेत. हार्डनरमधलं आयसोसायनेट छातीला धरतं, रुमाल ते थांबवत नाही.

एक दिवस हात लावायचा नाही. नवं पॅकिंग, बोल्टाखाली वॉशर, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. बोट आली की गोड्या पाण्याचा ओला फडका. क्लिअरवर ओरखडा दिसला तर त्याच दिवशी वाळवून ब्रशने क्लिअर. उरलेला हार्डनर टाकून द्या. पुढच्या कव्हरसाठी नवा डबा, कव्हर खोलण्याआधी.