दिवाळीचा किल्ला लहान पोरांकडून करून घ्यायचा तर

सहामाही परीक्षा संपली की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न पडतो, पोरं लहान आहेत, किल्ला करायचाय, कुठून सुरुवात करू. आणि त्याच्याखाली पाच मिनिटांत कुणीतरी तयार प्लास्टरच्या किल्ल्याचा फोटो टाकतंच, रंगबिंग मारलेला, उचलायचा आणि दारात ठेवायचा. ज्यांना वेळच नाही त्यांनी आणा बापडे, पण मग चिखल कुणी करायचा?

माझी थोरली आठची आणि धाकटा चारचा. आधीची दोन वर्षं आमच्याकडं किल्ला व्हायचा तो मीच करायचे, खरं सांगायचं तर हौस माझीच होती, बुरूज सारखे झाले पाहिजेत, पायऱ्या सरळ पाहिजेत, आणि पोरगी शेजारी बसून बघायची, मग दहा मिनिटांनी आत जाऊन कार्टून. तिसऱ्या वर्षी ठरवलं की आपण फक्त बिगारी, म्हणजे घमेलं उचलायचं, पाणी आणून द्यायचं, विचारलं तरच बोलायचं. किल्ला वाकडा झाला पण पोरं चार तास अंगणातनं हलली नाहीत.

आता पहिलं काम, कुठला किल्ला ते ठरवा. सगळ्यांना प्रतापगड नाहीतर रायगड पाहिजे असतो, पण चार वर्षांच्या पोराला रायगड म्हणजे काय ते कसं कळणार? साताऱ्यात असाल तर खिडकी उघडा की, अजिंक्यतारा समोरच आहे. जो डोंगर पोरगं रोज शाळेत जाताना बघतं तोच करायचा. सांगली-मिरजेकडचे असाल तर दंडोबाचा डोंगर करा, किल्ला नसला तरी काय बिघडतंय, वर देऊळ ठेवायचं आणि चारी बाजूनं मावळे.

आणि करायच्या आधी एकदा वर जाऊन या. अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्ता दरवाज्यापर्यंत जातो, त्यामुळं लहानग्यांना कडेवर घेऊन धापा टाकायची वेळ येत नाही. सकाळी सातला निघा, डब्यात पोहे घ्या. वर दरवाज्याचे दोन्ही बाजूचे भरभक्कम बुरूज दाखवा, तळी दाखवा, मंगळाईचं देऊळ दाखवा, आणि तटावरनं आपलं घर कुठं दिसतंय ते शोधायला लावा, ह्यातच अर्धा तास जातो. घरी आलं की एक कागद द्यायचा, जे आठवतंय ते काढ म्हणायचं. थोरलीनं दरवाजा काढला, देऊळ काढलं. धाकट्यानं दोन उभ्या रेघा मारल्या, विचारलं तर म्हणे टॉवर. वर प्रसारभारतीचे टॉवर आहेत ना, त्याला सगळ्यात जास्त तेच आवडले होते. मग आमच्या किल्ल्यावर उदबत्तीच्या काड्यांचे दोन टॉवर आले. सासरे म्हणाले, महाराजांच्या काळात टॉवर होता काय गं? म्हणलं राहू दे मामा, त्याचा किल्ला आहे.

गोष्ट पण त्याच किल्ल्याची सांगा. अफजलखानाचा कोथळा चार वर्षांच्या पोराला झोपताना सांगायचा नसतो, हे मी एका रात्रीत शिकले. अजिंक्यताऱ्याची गोष्ट लहानांना जास्त जमते. 1673 मध्ये महाराजांनी हा किल्ला घेतला. पुढं 1699 च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब मोठी फौज घेऊन खाली येऊन बसला, आणि वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. चार महिन्यांच्या वर किल्ला लढला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, त्यातला एक असा उडाला की तट त्यांच्याच माणसांवर कोसळला. शेवटी 1700 च्या एप्रिलमध्ये किल्ला गेला, औरंगजेबानं पोराच्या नावावरनं त्याला आझमतारा म्हणलं, मग ताराबाईंच्या माणसांनी परत घेतला आणि अजिंक्यतारा नाव पडलं. एवढी गोष्ट दोन रात्री पुरते. सुरुंगाचा आवाज मात्र तोंडानं काढावा लागतो, आणि तो रोज काढावा लागतो.

आता माती. इथं लोक चुकतात. कोरेगावकडची नाहीतर कृष्णाकाठची काळीभोर माती आणली तर किल्ला पहिल्या दिवशी एकदम झ्याक दिसतो आणि तिसऱ्या दिवशी वाळून भेगा पडतात, कारण काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. तांबडी माती घ्या. काळीच मिळाली तर निम्मी तांबडी किंवा थोडी वाळू मिसळा आणि बारीक केलेलं वाळकं गवत घाला, त्यानं धरून राहते. गावाकडं शेणही घालतात, घालाच, पण पोरगं बोटं तोंडात घालायच्या वयाचं असेल तर नको. तीन बाय तीन फुटाच्या किल्ल्याला आम्हाला आठ-दहा घमेली लागली, शिवाय अर्ध्या विटा, दगड आणि दोन जुनी पोती. नर्सरीत माती मिळते, नाहीतर कुणाचं बांधकाम चालू असेल तिथं विचारायचं, दिवाळीत किल्ल्यासाठी म्हणलं की कुणी नाही म्हणत नाही. आधी चाळून घ्या मात्र, बांधकामाच्या मातीत खिळे आणि काचा असतात.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली जाड प्लॅस्टिक किंवा ताडपत्री अंथरा. आम्ही पहिल्यांदा अंथरली नव्हती, पार्किंगच्या फरशीवर तांबडे डाग पडले आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये फराळाच्या आधी आमचाच विषय.

चिखल कसा पाहिजे ते पोरांना असं शिकवा, मुठीत घेऊन लाडू वळायचा. वळताना चिरला तर पाणी कमी, बोटांतनं ओघळला तर जास्त. माझ्या धाकट्याचं किल्ल्यातलं मुख्य काम हेच होतं, मी आत बेसनाचे वळत होते आणि तो बाहेर चिखलाचे, चाळीसेक झाले असतील, ओळीनं मांडून ठेवलेले. मग तेच लाडू एकमेकांवर दाबून तटबंदी केली. लहान हाताला सपाट भिंत लिंपायला जमत नाही, लाडू ठेवून वरनं थापटी मारायला जमते.

सांगाडा मात्र मोठ्या माणसानं रचावा. मधे विटा आणि दगडांचा ढीग, ज्या बाजूला कडा पाहिजे तिथं विटा उभ्या. भुयार पाहिजेच असतं, त्यासाठी पाण्याच्या बाटलीची दोन्ही टोकं कापून नळकांडं आत्ताच ढिगात आडवं बसवा, नंतर चिखलात बोट घालून भुयार पाडायला गेलं की अख्खा बुरूज खाली येतो. बाटली कापलेली कड धारदार असते, तिला टेप मारा. मग पोतं पातळ चिखलात बुडवून ढिगावर पांघरायचं. पोत्याच्या चुण्या पडतात ना, त्याच वाळल्यावर कड्यासारख्या दिसतात, काही कोरावं लागत नाही. पोतं बुडवायचं काम पोरांना द्या, कपडे जुने घाला, आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

एका दिवसात सगळं उरकायचं नाही. चारच्या पोराला एका कामात वीस मिनिटं जीव असतो. आम्ही असं करतो, वसुबारसेच्या आठवडाभर आधी सांगाडा आणि पोतं, दुसऱ्या दिवशी लाडूंचा तट, मग एक दिवस सुट्टी, वाळू द्यायचं, मग हळीव, मग रंग आणि वाटा, आणि मावळे अगदी शेवटी. मावळे आधी आणून दाखवले तर तुमचं काम संपलं, पोरं त्यांच्याशीच खेळत बसतात आणि निम्म्यांचे भाले किल्ला व्हायच्या आतच मोडतात.

हळीवाचं जरा नीट सांगते कारण गेल्या वर्षी तीन जणींनी विचारलं की आमचं उतारावर का उगवत नाही, सगळं खाली घरंगळतं. कोरडं टाकता म्हणून. हळीव वाटीभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गर तयार होतो, चमच्यानं उचललं तर लोंबतं. ते तसंच्या तसं बोटानं कड्याला फासायचं, चिकटून बसतं. पोरांना हा प्रकार लय आवडतो, आमच्याकडं त्याला बेडकाची अंडी म्हणतात. फासल्यावर एक दिवस ओल्या फडक्यानं झाका, चिमण्यापण खात नाहीत आणि ओलही राहते. दोन-तीन दिवसांत मोड येतात, चार-पाच दिवसांत हिरवंगार. मोहरी पण चालते. पाणी तांब्यानं ओतू नका, स्प्रेच्या बाटलीनं मारा, आणि ती बाटली पोराच्या हातात द्या, सकाळी उठल्या उठल्या दूध प्यायच्या आधी पोरगं किल्ल्याला पाणी मारायला पळतंय ह्याच्यासारखं दुसरं गजराचं घड्याळ नाही.

कारंजं आठच्या पोरासाठी, त्याखालच्यांना फक्त पाणी ओतायचं काम. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, वापरलेला कुणी फुकट दिला तरी नको, आणि सुई तिथंच परत द्या. दोन लिटरच्या बाटलीचा तळ कापा, झाकणाला भोक पाडून सेटचं टोकदार तोंड त्यात घट्ट बसवा, भोवती एम-सील. बाटली उलटी करून खिडकीच्या गजाला बांधा. नळीच्या दुसऱ्या टोकाला पेनच्या रिकाम्या रिफिलचा, टोक काढून स्वच्छ धुतलेला, बोटभर तुकडा बसवा आणि तो तळ्याच्या मधोमध उभा खोचा, तळं म्हणजे आईस्क्रीमचा डबा. नळीवरचं चाक फिरवलं की पाणी उडतं. बाटली जितकी उंच तितकं कारंजं उंच, पण बाटलीतल्या पाण्याच्या वर काही ते जात नाही, आमच्या थोरलीनं बाटली जमिनीवर ठेवून अर्धा तास चाक फिरवून बघितलं, मी काहीच बोलले नाही, मग स्वतःच स्टूल घेऊन आली. नळीत हवा अडकली तर चाक पूर्ण उघडून टिचक्या मारा. आणि डबा भरून वाहायला लागतो तिकडं लक्ष ठेवा, नाहीतर तुमचाच तट भिजतो.

रंगाला गेरू. वाटा काढायला पांढरी रांगोळी, चुना पोरांच्या हातात देऊ नका, भाजतो. मावळे कुंभाराकडचे मातीचे आणा, थोडे कमी आणा, बाकीचं घरातलं चालतं. आमच्या पायथ्याला साताऱ्यातला पोवई नाका होता आणि तिथं खेळण्यातली एसटी उभी होती. फटाके किल्ल्यावर नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगून टाका, भुयारात सुतळी बॉम्ब लावायची कल्पना कुठल्या ना कुठल्या मोठ्या भावाला सुचतेच. पणती चालेल, तटाच्या बाहेरच्या बाजूला, आणि पेटवताना मोठं माणूस शेजारी. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान, कारीट फोडणं झालं की अंधारातच पहिली पणती किल्ल्यावर, हा आमच्या घरचा नियम आता पोरंच पाळायला लावतात.

परतीच्या पावसाचं काही सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या रात्री असा कोसळला की सकाळी बघतो तर पूर्वेकडचा सगळा तट खाली, हळीव वाहून गटारापाशी. मी मनात म्हणलं आता रडारड. थोरली बघत उभी राहिली आणि म्हणाली, औरंगजेबानं सुरुंग लावला. मग दोघांनी मिळून परत लाडू वळले, त्या बाजूला शेवटपर्यंत हिरवळ आली नाही पण मावळे सगळे तिकडंच उभे केले, तट पडलाय म्हणून. तरी एक प्लॅस्टिकचा कागद आणि चार दगड जवळ असू द्या, रात्री झाकून ठेवा. मांजरांसाठीही तेच, ऊबदार मातीत त्यांना काय सुचतं ते सांगायला नको.

मोडायचं तुळशीच्या लग्नानंतर. पोरांना अचानक सकाळी उठून रिकामी जागा दाखवू नका, त्यांच्याच हातानं मोडू द्या, बांधण्यापेक्षा जास्त मजा त्यात असते. शेण घातलं नसेल तरी ती माती कुंड्यांना चांगली लागते, उरलेली पोत्यात भरून जिन्याखाली. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात, डब्यावर तारीख. आमच्या डब्यात आत्ता अकरा मावळे, एक हत्ती, तीन पायांचा घोडा आणि उदबत्तीच्या दोन काड्या आहेत, त्या काड्या मी टाकून देत होते तर धाकट्यानं परत आणून ठेवल्या.